हिरड्यांतून येणारे रक्त आणि बाकीचे शरीर: संबंध नेमका किती?

सायंतारा (मूळ प्रश्न)

माझ्या आईचे वय 62 आहे आणि तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या ती चुकवत नाही, जेवणाच्या वेळा पाळते, रोज चालते. तरीही अलीकडच्या कोणत्याच तपासणीत तिचे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, 8 च्या खाली उतरलेले नाही. या खेपेस डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवण्याआधी तिला ब्रश करताना रक्त येते का, असे विचारले. "येते, पण ते तर कित्येक वर्षे येतेच आहे," असे तिचे उत्तर होते. त्यावर आधी हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवून या, औषधाचे मग पाहू, असे त्यांनी सांगितले.

तज्ज्ञांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई प्रत्येक दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद उतरवून मोजमापे घेतली. एकेका दाताचे सहा आकडे ते मोठ्याने सांगत होते आणि मदतनीस ते तक्त्यावर लिहून घेत होत्या. पुढच्या दातांपाशी "दोन, तीन, दोन" असे चालले होते. दाढांपाशी पोहोचल्यावर "पाच, सहा, सात" ऐकू येऊ लागले, आणि सळई बाहेर निघाली की काही क्षणांत त्या जागी रक्ताचा ठिपका उमटत होता. एक्स-रेमध्ये दाढांभोवतीचे हाड खाली गेलेले मलासुद्धा दिसले. भूल देऊन, टप्प्याटप्प्याने, हिरडीच्या खालपर्यंत मुळे स्वच्छ करावी लागतील असे त्यांचे म्हणणे आहे.

आईला दुखत काहीच नाही, त्यामुळे तिला हे सारे अनावश्यक वाटते. शिवाय दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असे तिला भेटेल तो सांगतो. मला जाणून घ्यायचे आहे ते असे: हिरड्यांवर उपचार केल्याने रक्तातली साखर खरोखर कमी होते का, की हे केवळ सांगण्यापुरते आहे? हिरड्या बिघडल्या तर हृदयविकार, स्मृतिभ्रंश, संधिवात असे सगळे होते, असेही वाचनात येते. त्यात तथ्य किती? आणि घरचाच आणखी एक मुद्दा म्हणजे माझ्या वडिलांच्या हृदयाची एक झडप काही वर्षांपूर्वी बदलली आहे व ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. त्यांच्याही हिरड्यांतून अधूनमधून रक्त येते. त्यांनी दंतवैद्याकडे जाताना काय सांभाळावे?

दंतमूळ

मी हिरड्यांच्या विकारांवर उपचार करणारा दंतवैद्य आहे. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी ठाम सांगणे योग्य नव्हे. तुमच्या वर्णनावरून जेवढे बोलता येते तेवढेच बोलतो.

आधी त्या आकड्यांविषयी. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती चार मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाली, मोजताना रक्त आले आणि एक्स-रेमध्ये हाडही कमी झालेले दिसले, तर त्याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात; बोलीत ज्याला पायरिया म्हणतात तो हाच. ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर पोहोचतात. त्यामुळे सहा-सात मिलिमीटर खोल खोबणीच्या तळाशी, जिथे प्राणवायू फारसा नसतो, तिथे अशा वातावरणातच फोफावणाऱ्या जिवाणूंचा चिकट थर निर्धास्त वाढतो आणि त्यातला काही भाग लाळेतल्या व खोबणीतल्या क्षारांमुळे कडक होऊन मुळावर कीटण म्हणून बसतो. हाड मात्र थेट जिवाणू खात नाहीत. त्यांना परतवण्यासाठी शरीर जो दाह पेटता ठेवते, त्या दाहातच दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि शेवटी हाडही झिजत जाते. हा सगळा व्यवहार मंदगतीने चालतो आणि खोबणीतला स्राव साठून न राहता तोंडात वाहून जातो, म्हणून सहसा ठणका लागत नाही. दुखत नाही याचा अर्थ रोग नाही असा घेतल्यामुळेच बहुतेक रुग्ण आमच्याकडे दात हलू लागल्यावर येतात.

नुसता हिरड्यांचा दाह आणि हाडापर्यंत पोहोचलेला रोग या दोन अवस्थांत फरक करायला हवा. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या शास्त्रात आजही शिकवला जातो. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, त्यांतून रक्त येऊ लागले. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिली अवस्था पूर्णपणे मागे फिरवता येते. हाड गेल्यावर मात्र ते पूर्वीइतके परत येत नाही. रोग आहे तिथे थोपवणे आणि खोबणी उथळ करणे एवढे आपल्या हातात असते, आणि ते थोडेथोडके नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मधुमेह आणि हिरड्या यांचा संबंध दोन्ही दिशांनी आहे. साखर सतत वाढलेली असली की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि साखर व प्रथिने यांच्या संयोगातून तयार होणारे पदार्थ ऊतींमध्ये साचून दाह आणखी भडकवतात. म्हणून साखर ताब्यात नसलेल्या माणसाच्या हिरड्या तेवढ्याच जिवाणूंना जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतात. उलट दिशेने पाहिले तर खोबणीचे आतले अस्तर जागोजागी फाटलेले असते; तिथून जिवाणू, त्यांचे विषारी अंश आणि दाहाचे रासायनिक संदेशवाहक पदार्थ रक्तात उतरतात. ते पेशींना इन्सुलिनला नीट दाद देऊ देत नाहीत. सर्व दातांभोवतीची अशी जखम मिळून तळहाताएवढी होते, असे आमच्या व्यवसायात वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढे जरा काटेकोर हिशेब केल्यावर रोगग्रस्तांमध्ये खोबणीच्या अस्तराचे क्षेत्रफळ सरासरीने 8 ते 20 चौरस सेंटिमीटर निघाले. तळहाताची गोष्ट भाषणात उठून दिसते, पण त्याहून लहान असलेली जखमसुद्धा हातापायावर वर्षानुवर्षे उघडी राहिली असती तर घरात कोणी स्वस्थ बसले नसते.

उपचाराने साखर किती उतरते? कॉक्रेन या संस्थेने 2022 साली 35 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात तीन हजारांहून अधिक मधुमेही सहभागी होते. हिरडीखालील स्वच्छतेनंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी 0.43 ने, सहा महिन्यांनी 0.30 ने आणि जिथे वर्षभर पाठपुरावा झाला तिथे 0.50 ने कमी आढळले. म्हणजे 8.2 चे 7.8 च्या आसपास. मधुमेहाच्या नेहमीच्या उपचारात एखादी गोळी वाढवून मिळणारा उतार काही वेळा एवढाच असतो, म्हणून आईंच्या डॉक्टरांनी आधी इकडे पाठवले यात मला तरी वैद्यकीय शहाणपण दिसते. मात्र हे सरासरीचे आकडे आहेत. कोणाला जास्त फायदा होतो, कोणाला अजिबात होत नाही, आणि हिरड्या सुधारल्या म्हणून गोळ्या आपल्या मनाने कमी करणे सर्वथा चूक आहे.

दात हलण्याविषयी: हाड आधीच गेलेले असते आणि कीटणाचा जाड थर दातांना एकमेकांशी जखडून ठेवत असतो, पडायला आलेल्या भिंतीला दिलेल्या टेकूसारखा. तो काढला की आधीपासूनच सैल असलेला दात सैल जाणवतो. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, दातांमध्ये फटी दिसतात, थंड पाणी काही आठवडे लागते. हे सारे उपचारापूर्वीच रुग्णाला सांगितले नाही तर त्याने आम्हाला दोष देणे स्वाभाविकच आहे.

पानगळ

शेवटचा परिच्छेद प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावण्यासारखा आहे. माझ्या सासूबाईंनी याच भीतीने साफसफाई टाळली. दात हलायचे ते हललेच, आणि मग वाचवण्यासारखे फारसे उरले नाही.

साशंक

मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचे काम करतो; डॉक्टर नाही. दंतमूळ यांनी मधुमेहाविषयी जे लिहिले ते मला पटते, पण सायंतारा यांनी हृदयविकार, स्मृतिभ्रंश आणि संधिवात यांची नावे एका दमात घेतली आहेत आणि बहुतेक लेखांतही ती तशीच घेतली जातात. या प्रत्येक आजाराबाबतचा पुरावा वेगवेगळ्या प्रतीचा आहे. त्या सगळ्यांना एकाच पंगतीत बसवले की खरी गोष्टही अतिशयोक्त वाटू लागते.

हृदयविकारापासून सुरुवात करू. 1989 साली फिनलंडमधल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या तोंडाची अवस्था इतर लोकांपेक्षा वाईट असल्याचे दाखवले आणि तेव्हापासून अशा निरीक्षणांची रीघ लागली. अडचण अशी की धूम्रपान हिरड्याही बिघडवते आणि हृदयही, मधुमेहाचे तेच, हलाखीची परिस्थिती, अपुरी झोप, निकृष्ट आहार यांचेही तेच. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली उपलब्ध पुराव्याची छाननी करून असा निर्वाळा दिला की धूम्रपानासारखे ज्ञात घटक वजा केल्यानंतरही हिरड्यांचा रोग आणि धमन्यांचा रोग यांचा काही संबंध शिल्लक राहतो, परंतु एकामुळे दुसरा होतो किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो असे सिद्ध झालेले नाही.

कार्यकारणाच्या बाजूने जाणारा, मला सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा 2007 सालच्या एका चाचणीतला आहे. तीव्र पेरिओडॉन्टायटिस असलेल्या लोकांवर एकाच बैठकीत कसून उपचार करण्यात आले आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची प्रसरण पावण्याची क्षमता मोजण्यात आली. उपचारानंतरच्या पहिल्या दिवशी ती चक्क खालावली, कारण साफसफाईमुळे रक्तात तात्पुरता दाह उसळला; सहा महिन्यांनी मात्र ती नेहमीचे उपचार मिळालेल्या गटापेक्षा चांगली होती. हिरडीत जे घडते त्याची वार्ता दूरच्या धमनीपर्यंत पोहोचते, एवढे यातून नक्की दिसते. पण धमनी अधिक लवचिक होणे आणि हृदयविकाराचा झटका टळणे यांच्यात अंतर आहे, आणि ते नुसत्या तर्काने ओलांडता येत नाही.

तर्क कसा फसतो याचे उदाहरण गर्भारपणाचे आहे. हिरड्यांचा रोग असलेल्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती अधिक आढळते, असे निरीक्षण 1996 साली मांडले गेले. दाहाचे पदार्थ रक्तातून गर्भाशयापर्यंत जातात, हे स्पष्टीकरणही चपखल होते. मग 823 गर्भवती स्त्रियांची मोठी चाचणी झाली आणि 2006 साली तिचे निष्कर्ष आले: गर्भारपणात केलेले उपचार सुरक्षित ठरले, हिरड्या सुधारल्या, पण अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण घटले नाही. स्मृतिभ्रंशाबाबतही थोडेफार असेच. पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांतल्या जिवाणूचे अंश अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचे 2019 साली जाहीर झाले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्या जिवाणूच्या विकरांना रोखणारे औषध तयार करून रुग्णांवर चाचणी घेतली गेली, तिच्यात 2021 साली मुख्य उद्दिष्टे साध्य झाली नाहीत. संधिवाताच्या बाबतीत हाच जिवाणू शरीरातल्या प्रथिनांमध्ये असा बदल घडवतो की संरक्षणव्यवस्थेला ती परकी वाटू शकतात. ही जैविक वाट रोचक आहे, पण हिरड्या साफ केल्याने संधिवात टळतो असे म्हणण्याइतका पुरावा तिथे नाही.

मी एवढा काटेकोरपणा का करतो याला इतिहासाचे कारण आहे. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातल्या दडलेल्या जंतुसंसर्गावर शरीरभरच्या आजारांचे खापर फोडले. त्या विचाराची लाट इतकी पसरली की पुढची काही दशके संधिवातापासून थकव्यापर्यंत कोणत्याही तक्रारीवर दात उपटले जात होते. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर मानसिक आजार बरे करण्यासाठी रुग्णांचे दात आणि पुढे मोठ्या आतड्याचे भागही काढले. त्यात अनेकांचा जीव गेला. आजचे हिरड्यांचे शास्त्र त्या वेडापासून फार दूर आले आहे हे मान्य. पण 'सर्व रोगांचे मूळ तोंडात' अशा थाटाची वाक्ये दिसली की मला तो काळ आठवतो.

सायंतारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. साशंक, तुमचे लिखाण वाचून थोडा गोंधळ झाला. मधुमेहाबाबत तुम्ही दंतमूळ यांच्याशी सहमत आहात, हे मला बरोबर कळले ना? आणि वडिलांच्या झडपेविषयी कोणी सांगू शकेल का?

साशंक

होय, मधुमेहाबाबत सहमत आहे, कारण तिथे केवळ निरीक्षणे नसून रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून केलेल्या चाचण्या आहेत आणि त्यांचा एकत्रित कल एकाच बाजूला आहे. एक अपवाद नोंदवतो: 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, 500 हून अधिक मधुमेहींवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत एचबीएवनसीमध्ये काहीच फरक पडला नव्हता. याविषयी दंतमूळ काय म्हणतात ते वाचायला आवडेल.

नाडीपरीक्षा

मी सामान्य वैद्यकाची डॉक्टर आहे. वडिलांविषयी लिहिते, कारण ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत तोंड आणि हृदय यांचा संबंध वादातीत आहे, त्यांत कृत्रिम झडप असलेले रुग्ण येतात.

तोंडात राहणारे काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू रक्तात शिरून कृत्रिम झडपेवर ठाण मांडू शकतात. त्यातून हृदयाच्या आतल्या अस्तराचा जो जंतुसंसर्ग होतो तो दुर्मीळ असला तरी जिवावर बेतणारा असतो. म्हणून अशा रुग्णांना हिरड्यांना धक्का लागेल अशा दंतोपचाराआधी, साधारण अर्धा ते एक तास, प्रतिजैविकाची एकच मात्रा देतात. पूर्वी ही मात्रा हृदयाचा लहानसहान दोष असलेल्या अनेकांना दिली जाई. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनी 2007 साली ती कृत्रिम झडप, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेला असणे, काही जन्मजात हृदयदोष, अशा मोजक्या गटांपुरती मर्यादित केली. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. अस्वच्छ तोंडात रोजच्या चावण्या-घासण्यानेही जिवाणू रक्तात जातच असतात. वर्षभरातल्या अशा शेकडो प्रसंगांपुढे दंतवैद्याकडची एखादी खेप किरकोळ ठरते. म्हणून वडिलांचे खरे संरक्षण हिरड्या रोजच्या रोज निरोगी ठेवण्यात आहे. रक्त येते म्हणून ब्रश हलका फिरवणे किंवा टाळणे, ही उलटी वाट झाली.

दंतवैद्याला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: झडप कोणत्या प्रकारची आहे, रक्त पातळ करणारे औषध कोणते आहे, आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का. औषध वॉरफरिन असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. धातूच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका हिरडीतून थोडे जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी उपचाराच्या आदल्या दिवशी किंवा शक्य तितकी जवळ करून घेतली की बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच स्वच्छता करता येते, आणि रक्त थांबवण्याचे स्थानिक उपाय दंतवैद्याकडे असतात. आणखी एक खबरदारी घरच्यांनीच घ्यायची आहे. हिरड्यांच्या संसर्गासाठी मेट्रोनिडॅझोल हे औषध बरेचदा लिहून दिले जाते आणि तोंडातल्या बुरशीसाठी मायकोनॅझोलची जेल देतात. ही दोन्ही वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतात. जेल तर वरून लावायची म्हणून निरुपद्रवी वाटते, पण ती गिळली जाते आणि रक्तात पोहोचते. असे काही लिहून मिळाले तर ते सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

थोडे विषयाच्या दुसऱ्या अंगाविषयी. शरीरातल्या बिघाडाची पहिली खूणही कधी कधी हिरडीवरच दिसते. रक्तदाबासाठीचे अ‍ॅम्लोडिपिन, अपस्मारासाठीचे फेनिटॉइन आणि अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांमुळे हिरड्या वाढून दातांवर चढू शकतात. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हिरड्या अचानक सुजतात आणि उगाचच रक्त येऊ लागते. उलट धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच दबलेला असतो. आत हाड झिजत असताना वरून सारे आलबेल दिसते, आणि धूम्रपान सोडल्यावर रक्त येऊ लागले की माणूस घाबरतो.

शुभ्रा

घरी किंवा वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडते, कारण हृदय आणि मेंदू यांच्या चर्चेत फुप्फुसे नेहमी मागे पडतात. गिळण्याची क्रिया मंदावलेली असते तेव्हा तोंडातल्या जिवाणूंनी भरलेली लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या 11 शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2002 साली आले: ज्यांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर सेवकांनी घासून स्वच्छ केले आणि गरजेनुसार दंतवैद्यांनीही तपासले, त्यांच्यापैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, ज्यांना अशी खास देखभाल मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण 19 टक्के होते. यात औषध नाही, यंत्र नाही. तरीही पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणारे आपण तोंडातून ओला कापूस फिरवून समाधान मानतो. अशा रुग्णाला मान किंचित पुढे आणि एका कुशीला वळवून, अगदी थोड्या पाण्याने, मऊ ब्रशने घासावे. कवळी रात्री काढून, घासून ठेवावी.

दंतमूळ

साशंक यांनी 2013 च्या चाचणीचा उल्लेख केला ते बरे झाले. त्या चाचणीवर आमच्या क्षेत्रातून टीका झाली ती अशी की उपचारानंतरही सहभागींच्या तोंडात जिवाणूंचा थर आणि रक्त येणाऱ्या जागा बऱ्याच प्रमाणात शिल्लक होत्या. दाहच पुरेसा शमला नाही तर साखर उतरावी अशी अपेक्षा कशी धरणार? ही टीका मला रास्त वाटते, पण तिच्यात आमच्यासाठी अडचणीचाही भाग आहे. दवाखान्यातल्या रोजच्या व्यवहारात नेमके हेच घडते. आम्ही मुळे स्वच्छ करून देतो, रुग्ण महिनाभर काळजी घेतो, पुढे फटींची स्वच्छता सुटते आणि खोबणी पुन्हा भरते. म्हणून 0.43 हा आकडा आम्ही कोणालाही आश्वासन म्हणून देऊ नये, या मताचा मी आहे. तसेच धमन्यांवरच्या 2007 च्या चाचणीत उपचारानंतर जो तात्पुरता दाह दिसला, त्याचाही व्यवहारात अर्थ आहे: हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या किंवा प्रकृती तोळामासा असलेल्या रुग्णाचे सगळे तोंड एका बैठकीत साफ करण्याची घाई करू नये.

सायंतारा, आईंसाठी व्यावहारिक क्रम सांगतो. भेटीची वेळ शक्यतो सकाळची, नाश्ता आणि नेहमीचे औषध घेऊन झाल्यानंतरची ठेवा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन नंतर उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली जाते. भूल उतरेपर्यंत खाता येत नाही, म्हणून हे महत्त्वाचे. उपचार पूर्ण झाल्यावर दीड ते तीन महिन्यांनी तीच सळई घेऊन तीच सहा-सहा मोजमापे पुन्हा घेतली जातील. जुना तक्ता सोबत ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवा असे आवर्जून म्हणा. दाढांपाशी सहा होते तिथे चार आले आणि रक्त थांबले तर रोग ताब्यात आला. जिथे सहा-सात तसेच राहिले तिथे हिरडी थोडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली जाईल. एचबीएवनसी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे ते त्याआधी तपासून निराश होऊ नका. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी देखभालीची भेट लागते, आणि ही भेट चुकली की आधीचे सगळे वाया जाऊ लागते.

घरच्या स्वच्छतेत बहुतेकांचे दातांच्या मधल्या जागांकडे दुर्लक्ष होते, आणि हिरड्यांचा रोग तिथेच सुरू होतो. हाड गेल्यामुळे आईंच्या दाढांमध्ये फटी रुंद झाल्या असतील. तिथे धाग्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचे जे अगदी लहान ब्रश मिळतात ते अधिक उपयोगी पडतात. ते वेगवेगळ्या जाडीचे असतात. फटीत किंचित अडत जाईल पण जोर करावा लागणार नाही अशी जाडी तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी, आणि एकाच तोंडात दोन-तीन वेगवेगळ्या जाड्या लागल्या तर नवल मानू नये. पहिल्या आठवड्यात त्या ब्रशवर रक्त दिसेल. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या तेव्हाच तो वापरणे थांबवतील. रक्त रोज थोडे थोडे कमी होत गेले पाहिजे. दोन-तीन आठवडे नीट वापरूनही एखाद्या ठरावीक फटीतून ते येतच राहिले तर ती जागा लक्षात ठेवून पुढच्या भेटीत बोटाने दाखवावी, कारण तिथे कीटणाचा एखादा तुकडा राहून गेलेला असण्याची शक्यता बरीच असते.